लाट लांब की आखूड?

कोकण किनाऱ्यासाठी लाटांचं मॉडेल चालवायला लागून मला पंधरा वर्षं झाली. वारा द्यायचा, समुद्राची खोली द्यायची आणि कुठे, कधी, केवढी लाट उठेल ते काढायचं, असं हे काम. नवी मुलं रुजू झाली की जे सांगते, तेच इथे लिहिते आहे.

१. आधी वारा तपासा.

पहिल्या वर्षी आमच्या मॉडेलमध्ये दुपारची लाट नेहमी कमी यायची. समुद्रतळाच्या घर्षणाचा आकडा बदलत मी तीन आठवडे घालवले. चूक तिथे नव्हतीच. आम्ही दर सहा तासांचा वारा वापरत होतो, म्हणजे आपल्या घड्याळात पहाटे साडेपाच, सकाळी साडेअकरा, संध्याकाळी साडेपाच आणि रात्री साडेअकरा. फेब्रुवारी ते मे या महिन्यांत खारे वारे भरात येतात ते दुपारी तीनच्या सुमारास, आमच्या दोन नोंदींच्या मधोमध. मॉडेल साडेअकरा आणि साडेपाच यांना सरळ रेघेने जोडायचं आणि दुपारचा वारा मधल्या मध्ये गळून जायचा. त्यात वाऱ्याचे आकडे ज्या जाळीवर मिळायचे, तिचा एकेक चौकोन तीस किलोमीटरचा. किनाऱ्यावरच्या चौकोनात अर्धा समुद्र, अर्धे डोंगर. झाडाडोंगरांनी अडवलेला वारा आम्ही समुद्रावरचा म्हणून वापरत होतो.

वाऱ्यातली चूक लाटेत वाढूनच उतरते. वारा पुरेसा वेळ आणि पुरेशा अंतरावरून वाहिला, तर लाटेची उंची त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वारा १० टक्के कमी धरला की लाट जवळजवळ २० टक्क्यांनी कमी येते. गोव्यासमोर खाऱ्या वाऱ्यांमुळे लाटा रोज कशा वाढतात आणि ओसरतात, हे शास्त्रज्ञांनी २००६ साली नोंदींवरून दाखवलं होतं. तो निबंध मी उशिरा वाचला, याची मला आजही खंत आहे.

२. उंची जुळली म्हणजे मॉडेल जुळलं असं समजू नका.

एकदा मार्च महिन्यात आमच्या लाटेची उंची समुद्रातल्या बॉयच्या, म्हणजे लाटा मोजणाऱ्या तरंगत्या यंत्राच्या, नोंदीशी अगदी तंतोतंत जुळली. एक मीटर म्हटलं होतं, एक मीटरच भरली. त्याच आठवड्यात मी हर्णैच्या बंदरावर गेले होते. सकाळचा लिलाव उरकला होता. एक म्हातारे तांडेल जाळं पायाच्या अंगठ्यात ताणून शिवत बसले होते. मी मोठ्या उत्साहाने त्यांना आमचा अंदाज सांगितला. हातातली सुई न थांबवता ते म्हणाले, "ताई, मीटर राहू दे. लाट लांब की आखूड, ते सांग. लांब असली तर होडी चढते नि उतरते. आखूड असली की आदळते."

परत येऊन मी एकूण लाटेची फोड करून पाहिली. दक्षिण हिंदी महासागरातून आलेली जुनी लाट आम्ही जास्त धरली होती आणि दुपारच्या वाऱ्याने उठलेली ताजी लाट कमी. दोन चुकांनी एकमेकींना झाकलं होतं. चौदा सेकंदांची, म्हणजे दर चौदा सेकंदांनी येणारी, लाट खोल पाण्यात तीनशे मीटर लांब असते. तिची ऊर्जा तासाला चाळीस किलोमीटरने सरकते आणि आपल्याकडे पोचायला आठवडा घेते. चार सेकंदांच्या लाटेची लांबी जेमतेम पंचवीस मीटर. होडी एका लाटेवरून उतरते न उतरते तोच दुसरी समोर उभी असते. उंची दोन्हींची एक मीटरच, पण होडीतल्या माणसासाठी हे दोन वेगळे समुद्र आहेत. तेव्हापासून आमच्या अंदाजात दोन्ही लाटा वेगळ्या छापल्या जाव्यात म्हणून मी भांडत आले आहे.

३. लाटही वाऱ्याला घडवते.

वारा लाट उठवतो, एवढंच आपण धरून चालतो. पण उठलेल्या लाटेने पाणी खडबडीत होतं आणि तेच वाऱ्याला अडवू लागतं. वाऱ्याचा ताण आणि पाण्याचा खडबडीतपणा यांचं नातं शास्त्रज्ञ चार्नॉक यांनी १९५५ साली मांडलं. त्यांचं सूत्र आम्ही अजून वापरतो. मात्र त्यातला एकच ठरावीक आकडा किनाऱ्याजवळ पुरत नाही. कोवळी, उभट लाट वाऱ्याला जास्त ओढून धरते. उथळ पाण्यात लाटा मंदावतात, उभट होतात आणि हा ओढा आणखी बदलतो. वारा अगदी पडलेला असताना तर लांबून आलेली वेगवान लाटच वरच्या हवेला ढकलते. म्हणून वाऱ्याचं आणि लाटेचं मॉडेल जोडून चालवावं, दर थोड्या वेळाने एकाने दुसऱ्याला आपली अवस्था सांगावी, असं माझं मत आहे. संगणकाचा वेळ जास्त जातो. वादळात तो सत्कारणी लागतो.

४. जुन्या नकाशावर विसंबू नका.

लाटेच्या लांबीच्या निम्म्याहून पाणी कमी झालं की तिला तळ जाणवतो. चौदा सेकंदांच्या लाटेला तो दीडशे मीटर खोलीवरच जाणवू लागतो. तिथून पुढे तळाचा प्रत्येक चढउतार तिला वळवत, फुगवत आणतो. पावसाळ्यानंतर वाळूचे दांडे सरकतात. खोलीही नव्याने मोजायला हवी.

५. ओहोटी विसरू नका.

हे मला त्याच तांडेलांनी शिकवलं. दोन्ही लाटा वेगळ्या दाखवणारा पहिला अंदाज घेऊन मी पुन्हा हर्णैला गेले. त्यांनी नातवाकडून तो दोनदा वाचून घेतला, मान डोलावली आणि विचारलं, "नि अंजर्ल्याच्या खाडीत शिरायचं तर? ओहोटी लागली असली तर?" वादळवाऱ्यात हर्णैच्या होड्या आसऱ्याला त्याच खाडीत जातात. बाहेर पडणारं पाणी येणाऱ्या लाटेला समोरून भिडतं, लाट आखडते, उभी राहते आणि तोंडाशीच फुटते. आमच्या मॉडेलमध्ये भरती-ओहोटीचा प्रवाह नव्हता. मी तसं सांगितलं. ते म्हणाले, "मग तो घाल."

सध्या तेच काम चालू आहे.