स्पर्शाविना स्पर्श : विद्युतभार आणि फोटॉन

हिवाळ्याच्या कोरड्या हवेत, रात्री अंधारात लोकरी स्वेटर डोक्यावरून काढताना तडतड आवाज होतो. कधी बारीक ठिणग्याही दिसतात. शिरूर-दौंड परिसरातील वसतिगृहांत राहिलेल्यांना हा अनुभव नवा नाही. लहान मुलांना त्याची भीती वाटते, तर काहींना तो चमत्कार वाटतो. वस्तुतः त्यामागे विद्युतभार आहे. घर्षणाने एका पदार्थातील काही इलेक्ट्रॉन दुसऱ्यावर जातात. ज्याला ते मिळतात तो ऋणभारित होतो. जो ते गमावतो तो धनभारित होतो. सजातीय भार परस्परांस दूर लोटतात, विजातीय भार आकर्षून घेतात. अंतर दुप्पट झाले की बल एक चतुर्थांश होते, हा नियम कूलोम या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1785 मध्ये मांडला.

परंतु दोन भारांमध्ये ना दोरी, ना हात. मग एकाचे अस्तित्व दुसऱ्यास कळते कसे? मॅक्सवेल यांनी एकोणिसाव्या शतकात दाखविले की भाराभोवती विद्युतचुंबकीय क्षेत्र असते. भार हलला की क्षेत्रातील बदल सेकंदाला सुमारे 3 लाख किलोमीटर वेगाने पसरतो. प्रकाश हीदेखील अशीच लहर होय. ही ऊर्जा सुट्या पुंजांत असते, असे आइन्स्टाइन यांनी 1905 मध्ये प्रतिपादिले. हे पुंज म्हणजेच फोटॉन. पुढे तोमोनागा, श्विंगर आणि फाइनमन यांनी भारित कणांमधील बल म्हणजे फोटॉनांची देवघेव, असा सिद्धान्त सिद्ध केला. 1965 चे नोबेल पारितोषिक त्यांना त्यासाठीच मिळाले. देवघेवीतील हे ‘आभासी’ फोटॉन कोणत्याही उपकरणास दिसत नाहीत. तथापि त्यांच्या आधारे केलेले गणित प्रयोगाशी विलक्षण अचूक जुळते.

दौंड जंक्शनवर रुळांच्या वरून 25 हजार व्होल्टची तार जाते. तिच्यातील इलेक्ट्रॉन सेकंदाला 50 वेळा जागच्या जागी मागेपुढे होतात. उपकेंद्रापासून इंजिनापर्यंत ते धावत जात नाहीत. तरीही गाडी चालते, कारण ऊर्जा क्षेत्रामार्फत पोहोचते.

शिरूरच्या वायव्येस, जुन्नर तालुक्यातील खोडद येथे प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या सुमारे 25 किलोमीटर परिसरात विखुरल्या आहेत. हायड्रोजनच्या अणूतील इलेक्ट्रॉन व प्रोटॉन यांच्या परस्परक्रियेतून 21 सेंटिमीटर लांबीची रेडिओ लहर निघते. एका दूरस्थ दीर्घिकेतून सुमारे 880 कोटी वर्षांपूर्वी निघालेली ही लहर, विश्वाच्या प्रसरणामुळे 48 सेंटिमीटर लांब होऊन या तबकड्यांवर पोहोचली. हे संशोधन 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. ती निघाली तेव्हा पृथ्वीही जन्मली नव्हती.

आता आपला तळहात मेजावर ठेवा. हाताचे आणि मेजाचे अणू एकमेकांत मिसळत नाहीत. इलेक्ट्रॉनांमधील विद्युतबल आणि दोन इलेक्ट्रॉनांस एकच अवस्था नाकारणारा पाउली यांचा नियम त्यांना रोखून धरतात. आपण ज्याला स्पर्श म्हणतो, तो हाच. विश्वातील सर्व इलेक्ट्रॉन तंतोतंत सारखे आहेत; हात कोणाचा, हे त्यांना ठाऊक नसते. स्पर्शावर बंधने घातली ती माणसांनी, निसर्गाने नव्हे.

पालकांनी आज रात्री मुलांसह एक प्रयोग करावा : कोरड्या केसांवर कंगवा घासून कागदाच्या कपट्यांजवळ न्यावा. कपटे उडी घेतील. ते का, हे आधी मुलांना विचारावे. उत्तर नंतर सांगावे.