एका रेणूतील तीन शिखरे

१९५१ साली अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे आर्नोल्ड, धर्मट्टी व पॅकार्ड यांनी एथिल अल्कोहोलचा एन.एम.आर. वर्णपट प्रसिद्ध केला. हायड्रोजनचे एकच शिखर न येता तीन आली होती. (धर्मट्टी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले.) आता कोणते शिखर कोणाचे?

क्षेत्रफळांचे प्रमाण १:२:३, म्हणून अनुक्रमे ओ-एच, सी-एच-२ व सी-एच-३. पुढील सुधारलेल्या यंत्रांनी दुसरा पुरावा दिला. शेजारच्या कार्बनवर दोन हायड्रोजन असल्याने सी-एच-३ च्या तीन रेषा होतात. तीन शेजारी असलेल्या सी-एच-२ च्या चार. याच रेणुसूत्राच्या डायमेथिल ईथरचे मात्र एकच शिखर, तेही न फुटलेले!

खरी फसवणूक करतो तो ओ-एच. आम्लाचा अंश असला की त्याचा हायड्रोजन रेणूरेणूंत झपाट्याने अदलाबदल करतो, म्हणून त्याची एकच रेषा दिसते. शिवाय संहती व तापमानानुसार तो जागाही बदलतो. तेव्हा त्याच्यापुरते कोष्टकावर विसंबू नये. नमुन्यात जड पाण्याचा थेंब टाकून हलवावे; जे शिखर नाहीसे होते, ते ओ-एचचे. मात्र ४.८ च्या आसपास नवे शिखर उगवले, तर ते पाण्याचे समजावे.