आज्ञाशोधाचा मार्ग

युनिक्स व तिच्या परंपरेतील लिनक्स इत्यादी प्रणालींत ‘एलएस’ एवढा शब्द टंकिला की फायलींची यादी समोर येते. परंतु ‘एलएस’ हाही एक प्रोग्रॅमच असून तो संगणकात कोठेतरी ठेविलेला असतो. तो शोधून चालविण्याचे काम ‘शेल’ करितो, व कोठे शोधावे हे त्यास ‘पाथ’ नामक यादीवरून कळते. या यादीचाच विचार आपण येथे करू.

आरंभीच्या युनिक्समध्ये शोधाची स्थळे शेलमध्येच ठरलेली होती. इ. स. १९७९ च्या सातव्या आवृत्तीत स्टीफन बोर्न यांचा शेल आला. त्यात ‘पाथ’ वापरणाराच्या स्वाधीन असे. यादीत डिरेक्टरींची नावे असून दोन नावांमध्ये कोलन असतो. शेल ती क्रमाने पाहतो व इच्छिलेला प्रोग्रॅम प्रथम जेथे सापडेल तेथेच थांबतो. म्हणून यादीइतकाच तिचा क्रमही महत्त्वाचा होय.

आपली स्वतःची डिरेक्टरी जोडावयाची झाल्यास असे लिहावे:

पाथ=$पाथ:$होम/बिन

यांतील पाथ व होम ही नावे मोठ्या रोमन अक्षरांत व बिन लहान अक्षरांत लिहावे. बरोबरीच्या चिन्हाभोवती जागा सोडू नये. ‘$पाथ’ म्हणजे पूर्वीची यादी. ती गाळली तर जुनी स्थळे नाहीशी होऊन ‘एलएस’देखील सापडत नाही. अशा वेळी ‘/बिन/एलएस’ असा पूर्ण पत्ता द्यावा, काम होते. हा बदल चालू शेलपुरताच असतो. कायम हवा असल्यास ती ओळ गृह-डिरेक्टरीतील ‘.प्रोफाइल’ फायलीत घालावी.

आता एक धोका. केवळ टिंब म्हणजे आपण सध्या ज्या डिरेक्टरीत आहो ती. हे टिंब यादीच्या आरंभी असेल, आणि सर्वांस मोकळ्या असलेल्या डिरेक्टरीत कोणी ‘एलएस’ याच नावाचा कपटी प्रोग्रॅम ठेविला असेल, तर तेथे जाऊन ‘एलएस’ टंकिताच तो कपटी प्रोग्रॅम आपल्या अधिकाराने चालतो. आपण व्यवस्थापक असलो तर साऱ्या संगणकाचा घात होऊ शकतो. लागोपाठचे दोन कोलन किंवा शेवटी राहिलेला कोलन यांचाही अर्थ टिंबासारखाच होतो, हे पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. म्हणून टिंब यादीत न घालता, जवळचा प्रोग्रॅम चालविताना त्याच्या नावापूर्वी ‘./’ लिहावे.

शंका आल्यास ‘टाइप एलएस’ असे विचारावे. कोणता प्रोग्रॅम चालेल ते शेल सांगतो. आज्ञा आपण दिली म्हणजे आपले कर्तव्य संपले असे नव्हे. ती कोणाच्या हाती पडते, हेही आपणच पाहिले पाहिजे.