रीमास्टर्ड म्हणे!

आधीच सांगतो, मी विचारलं होतं. पैसे पाठवायच्या आधी आणि लेखी. ‘ओरिजिनल आहे ना? इम्पोर्टेड? सगळे भाग अनकट?’ समोरून उत्तर आलं, ‘हंड्रेड पर्सेंट सर. डिजिटली रीमास्टर्ड.’ ते चॅट अजून माझ्याकडे आहे. त्यामुळे ‘स्वस्ताला भुललास’ म्हणणाऱ्या मित्रांनी कृपया गप्प बसावं. स्वस्त नव्हतंच ते.

संच ‘इव्हॅन्जेलियन’चा. १९९५ची मूळ जपानी ॲनिमे मालिका, २६ भाग. बॉक्स देखणा, जाड पुठ्ठ्याचा, वर सोनेरी अक्षरं. आत डिस्क निघाल्या तीन. एका थराच्या डीव्हीडीत मावतात ४.७ जीबी. त्यात नऊ भाग कोंबले की एकेकाच्या वाट्याला जेमतेम अर्धा जीबी येतो. अधिकृत संचांत दोन थरांच्या, ८.५ जीबीच्या डिस्कवर साधारण चार-पाच भाग असतात. आकडे पाहूनच पाल चुकचुकली. तरी म्हटलं, लावून तर बघू.

बाविसाव्या भागात लिफ्टचं दृश्य आहे. बघितलेल्यांना वेगळं सांगायला नको. आसुका आणि रेई गप्प उभ्या आणि जवळजवळ मिनिटभर चित्र हलतच नाही. डिस्क पारखायला याहून चांगलं दृश्य नाही, कारण धावपळीत जे खपून जातं ते इथे उघडं पडतं. माझ्या डिस्कवर लिफ्टची भिंत जिवंत झाली होती. क्षणभर स्वच्छ दिसायची, मग तिच्यावर चौकोनी ठिगळं उमटायची, की पुन्हा झटक्यात स्वच्छ. व्हिडिओ दाबून बसवताना अधूनमधून एखादंच चित्र पूर्ण साठवतात आणि मधल्या चित्रांत फक्त बदल नोंदवतात. जागा अपुरी पडली की तो सांधा असा डोळ्यांना दिसतो. वर केसांच्या कडेला पांढुरकी किनार, म्हणजे चित्र मुद्दाम ‘शार्प’ केलेलं. हे कुठल्याही मास्टरवरून आलेलं नव्हतं. कुणाच्या तरी डीव्हीडीची पुन्हा दाबलेली नक्कल होती. मग सबटायटलं नीट वाचली. शिंजीचा मध्येच ‘झेनसी’ झालेला. चिनी सबटायटलांवरून इंग्रजी केलं की नावांची अशी वाट लागते.

विक्रेत्याला फोटो पाठवले. आधी म्हणाला, तुमच्या टीव्हीचा प्रॉब्लेम असेल. मग प्लेअरचा. मग केबल बदलून बघा. आणि शेवटी ते वाक्य, जे आठवलं की अजून डोकं तापतं: ‘जुनी सिरीज आहे सर, एवढं चालायचंच.’

नाही चालायचं! आणि हेच मुख्यतः सांगायचंय, कारण या एका थापेवर अख्खा धंदा चालतो. नव्वदच्या दशकातली बहुतेक ॲनिमे सेलवर, म्हणजे पारदर्शक शीटवर, रंगवून फिल्मवर चित्रित होत असे. निगेटिव्ह जपलेली असेल तर ती आज नव्याने स्कॅन करता येते आणि तिच्यातून खरं हाय डेफिनिशन निघतं. ‘इव्हॅन्जेलियन’चा ब्लू-रे संच जपानमध्ये २०१५ साली आला, तो बघा म्हणजे कळेल. उलट सेल सोडून संगणकावर रंगवायला लागल्यावरच्या सुरुवातीच्या कितीतरी मालिका टीव्हीच्या साध्या रेझोल्यूशनमध्येच बनल्या. २००२ला सुरू झालेला पहिला ‘नारुतो’ त्यातलाच. त्याची ब्लू-रे म्हणजे ताणून मोठं केलेलं चित्र, कारण मुळात त्याहून जास्त काही नाहीच. तेव्हा जुनी म्हणजे खराब आणि ब्लू-रे म्हणजे चांगली, ही दोन्ही गणितं डोक्यातून काढून टाका. मालिका कशावर बनली ते आधी शोधा.

दाणे दिसले म्हणून नाक मुरडू नका. फिल्मला दाणा असतोच. तो पार पुसून ‘स्वच्छ’ केलेल्या चित्रात रेघा पुसट होतात आणि चेहरे मेणाचे दिसतात. कार्टून नेटवर्कवर गोकूला बघून मोठे झालेल्यांनी हे जास्त लक्षात ठेवावं. ‘ड्रॅगन बॉल झी’चे अमेरिकेत २००७पासून निघालेले कितीतरी संच दाणा पुसून, शिवाय आडव्या टीव्हीसाठी कापून काढले होते. चार-तीनचं चित्र सोळा-नऊ केलं की उंचीचा चौथा हिस्सा जातो. वर ऐटीत ‘वाइडस्क्रीन’ लिहायचं! नव्वदच्या टीव्ही मालिकेच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसले तर ते चांगलं लक्षण समजा.

चित्र थांबवून एकेक फ्रेम पुढे न्या, कॅमेरा आडवा सरकतो तिथे. कडांना कंगव्यासारखे दाते दिसले तर लगेच डिस्कला दोष देऊ नका, तो प्लेअरचाही असू शकतो. पण दोन चित्रं अर्धी अर्धी एकमेकांवर चढलेली दिसली, तर ती घाण डिस्कमध्येच आहे. कुठलाही प्लेअर ती काढू शकत नाही.

भाग मोजताना आवृत्त्याही मोजा. ‘इव्हॅन्जेलियन’च्या २१ ते २४ या भागांच्या दोन आवृत्त्या आहेत, प्रसारित झालेली आणि नंतर वाढवलेली. माझ्या ‘अनकट’ संचात वाढवलेली नव्हतीच. त्याबद्दल विचारल्यावर साहेबांनी मला ब्लॉक केलं.

रीजन, म्हणजे डिस्क कुठल्या प्रदेशात चालते तो कोड, बघा. भारत डीव्हीडीसाठी ५ आणि ब्लू-रेसाठी सी. जपानची डीव्हीडी २, अमेरिकेची १, ब्लू-रे दोघांचीही ए. म्हणजे अस्सल संचही इथल्या साध्या प्लेअरवर अडू शकतो. नेमका याचाच फायदा हे लोक घेतात. ‘ऑल रीजन’ ऐकून आपल्याला हायसं वाटतं, पण जपानी मालिकेच्या संचावर ते शब्द दिसले की आधी संशय घ्यावा. जपानी संचात बहुतेकदा इंग्रजी सबटायटलं नसतात, तेही तपासा.

बाकी नेहमीचंच. कार्डने पैसे द्या, पार्सल उघडताना व्हिडिओ काढा, पाच ताऱ्यांवर विश्वास ठेवू नका. माझा एक ताऱ्याचा अभिप्राय कुठे गेला देव जाणे.

‘डिस्क कशाला, ऑनलाइन बघ’ हा सल्लाही मला फुकट मिळाला. नेटफ्लिक्सवर २०१९ला ही मालिका आली तेव्हा जपानबाहेर तिच्या शेवटचं ‘फ्लाय मी टू द मून’ काढून टाकलेलं होतं. लोक डिस्क उगाच विकत घेत नाहीत. पण घ्यायचीच तर पुढच्या वेळी आधी विक्रेत्याकडे तीन फोटो मागा: डिस्कची खालची बाजू, बॉक्सची पूर्ण मागची बाजू आणि तुम्ही सांगाल त्या मिनिटाचं थांबवलेलं चित्र. खरा माल असलेला माणूस कुरकुरत का होईना, पाठवतो. माझ्या महाशयांकडे मी बॉक्सच्या मागच्या बाजूचा फोटो मागितला होता, तेव्हा त्यांनी अंगठा दाखवणारी इमोजी पाठवली होती. फोटो काही आलाच नाही.