सोळा क्रमांकाच्या रस्त्याविषयी

चिपळूण,
भाद्रपद वद्य पंचमी

चि. रेवतीस,

पत्र लिहिण्यास कारण की, अनंताच्या पूजेला तुझ्या आईकडे गेलो असता कॅलगरीच्या तुझ्या मावसभावाच्या फोनाचा विषय निघाला, आणि जी गोष्ट तुझ्या आईने हसत हसत सांगितली ती ऐकून माझ्या घशाखाली प्रसाद उतरेना. जॅस्परहून प्रिन्स रूपर्टला जायला बस वा कुणाची गाडी मिळाली नाही, तर रस्त्याच्या कडेला अंगठा दाखवून उभी राहीन, त्यात काय एवढे, असे तू त्याला म्हणालीस म्हणे! तुझी आई हसली, कारण तिला तो रस्ता ठाऊक नाही. मी शेजारच्या मुलाला बसवून त्या रस्त्याची समग्र माहिती काढून घेतली आणि मगच लेखणी हाती धरली आहे.

तू एकटी हिंडतेस याला माझी हरकत नाही, हे आधी नोंदवून ठेवतो. व्हँकुव्हरहून बसने कामलूप्स, पुढे कुणाच्या तरी गाडीतली एक जागा घेऊन रेव्हेलस्टोक, बॅन्फ आणि जॅस्पर, रात्री वसतिगृहातल्या सामायिक खोलीत वरची खाट, हा तुझा काटकसरीचा बेत मला उलट आवडला. परंतु ज्याने सारी हयात एस.टी.च्या नियंत्रण कक्षात फेऱ्यांचे दफ्तर सांभाळण्यात घालविली, त्याला गाडी नसलेल्या रस्त्याची जी धास्ती वाटते ती तुम्हां मुलांना वाटत नाही. ग्रेहाउंड या बसकंपनीने 2018 च्या ऑक्टोबरअखेर पश्चिम कॅनडातल्या जवळजवळ सर्व फेऱ्या बंद केल्या, ही तुझ्या लेखी व्यापारातली एक बातमी असेल. मला एवढे पक्के ठाऊक आहे की एखाद्या मार्गावरची गाडी उठली म्हणून त्या मार्गावरची माणसे घरी बसत नाहीत, दवाखाना, बाजार, माहेर यांसाठी ती मिळेल त्या वाहनाला हात करतात, आणि त्या हात करणाऱ्यांत ज्यांच्या पदरी काही नाही अशी पोरे-बाया सर्वांत पुढे असतात.

प्रिन्स जॉर्जपासून प्रिन्स रूपर्टपर्यंतचा तो सोळा क्रमांकाचा रस्ता सुमारे 720 किलोमीटरांचा, म्हणजे पुण्याहून नागपूरला जाण्याइतका. मध्ये अरण्य, नद्या, तुरळक वस्त्या, आणि कित्येक पट्ट्यांत फोन पुष्कळ वर्षे मुकाच होता. त्या व आसपासच्या महामार्गांवर 1969 ते 2006 या काळात नाहीशा झालेल्या वा मारल्या गेलेल्या 18 मुलीबाया एकट्या पोलिसांच्या तपासयादीत आहेत. तेथले लोक तो आकडा याहून पुष्कळ मोठा सांगतात. त्यांतल्या कित्येक तेथल्या मूलनिवासी घरांतल्या, आणि काहीजणींना शेवटचे पाहिले ते रस्त्याच्या कडेला, वाहनाला हात करताना. लोक त्याला अश्रूंचा महामार्ग म्हणतात. 2006 साली प्रिन्स जॉर्जला भरलेल्या परिषदेत त्या रस्त्यासाठी बसची मागणी झाली, आणि गावांना जोडणाऱ्या बसगाड्या सुरू झाल्या त्या 2017 साली. एका बसला अकरा वर्षे! आमच्या खात्यातही दिरंगाईला तोटा नव्हता, पण ही मात्र तिची परमावधी झाली. आणि अशा रस्त्यावर तू अंगठा दाखवणार!

आमच्या स्थानकात रात्रीची शेवटची फेरी रद्द झाली की अडकलेल्या बायाबापड्यांना मी बाहेरच्या ट्रकमध्ये चढू देत नसे, कक्षातच सतरंजी घालून देत असे. ट्रकवाले वाईट होते असे नव्हे. त्यांतला कोण कसा, हे सांगणारा कागद माझ्यापाशी नव्हता.

पॉपाराईड या सहप्रवासाच्या संकेतस्थळावरून घेतलेली जागा ही याहून निराळी गोष्ट आहे. तेथे चालकाचे नाव, आधीच्या प्रवाशांचे अभिप्राय आणि भाडे हे सारे आगाऊ नोंदलेले असते, आणि नोंद झालेला मनुष्य नोंद न झालेल्यापेक्षा बरा वागतो, हा माझा दफ्तरी अनुभव आहे. गाडीचा नंबर पडताळून मावसभावाला कळवावा, आणि रोख पैसे मागून व्यवहार नोंदीबाहेर नेऊ पाहणाऱ्याच्या गाडीत बसू नये. शिवाय टायर पाहावेत. ब्रिटिश कोलंबियाच्या डोंगरी रस्त्यांवर 1 ऑक्टोबरपासून हिवाळी टायर सक्तीचे असतात. त्यांच्या कडेवर पर्वत आणि हिमकण अशी खूण, किंवा निदान एम आणि एस ही अक्षरे असतात. वाकून पाहिल्याने चालकाला राग आला तर खुशाल येऊ दे. आपल्या कुंभार्ली घाटात दरड कोसळते, तसे तेथे रॉजर्स खिंडीत हिमाचे कडे कोसळतात. 1910 साली रुळांवरचे हिम उपसणारे 58 मजूर एका रात्रीत गाडले गेले, आणि 1962 साली महामार्ग खुला झाला तेव्हापासून हिवाळ्यात सैन्याचे जवान रस्ता बंद ठेवून तोफांच्या माऱ्याने ते हिम वेळेआधीच खाली उतरवीत आले. तेव्हा खोळंबा झाला तर त्रागा करू नकोस. पण ते असो. खिंडीची मला तितकीशी काळजी नाही. काळजी आहे ती त्या अंगठ्याची.

इतके लिहून झाल्यावर माझे मलाच वाटू लागले आहे की मी तुझ्या आजोबांसारखा, म्हणजे अण्णांसारखा, बोलतो आहे. त्या हिरव्या ट्रंकेची हकीकत आपल्या घरात थट्टेने सांगतात. परंतु ती ट्रंक मी खरोखरच भरली होती. माझा शाळासोबती बद्रीनारायणाला निघाला होता, मिळेल त्या गाडीने आणि धर्मशाळांतून मुक्काम करीत. तुझ्या आजोबांनी नेमणुकीचा हुकूम माझ्यापुढे ठेवला आणि एवढेच म्हणाले, सोमवारी रुजू व्हायचे आहे. मी रुजू झालो. पुढे मी हजारो माणसांना गाड्या लावून दिल्या आणि स्वतः पंढरपूरच्या पलीकडे गेलो नाही. अण्णांची भीती खोटी नव्हती. पण मनात आले की अजून त्यांच्यावर रुसून बसतो.

म्हणून तुला जाऊ नकोस असे मी लिहिणार नाही, माझ्याच्याने ते लिहवणारही नाही. जॅस्परहून प्रिन्स रूपर्टला व्हिया रेलची गाडी आठवड्यातून तीनदा जाते. ती दिवसा चालते, रात्री प्रिन्स जॉर्जला थांबते, तेथल्या खोलीची सोय मात्र आपली आपण करायची. तिचे तिकीट आणि त्या रात्रीची खोली यांच्या पैशांची तजवीज मी मावसभावाकडे केली आहे. ते परत करण्याचे मनातही आणू नकोस. तुझ्या मामाचे बद्रीनारायणाचे पैसे आहेत असे समज. प्रिन्स रूपर्ट हे कॅनडातल्या अतिशय पावसाळी गावांपैकी एक आहे म्हणतात, पण चिपळूणच्या पोरीला त्याचे काय! तरी रेनकोट ने, आणि गाडीत खिडकीची जागा मिळाली तर झोपू नकोस, बाहेर पाहा.

निघण्याचा दिवस ठरला की मला कळव. आईला त्या रस्त्याची हकीकत सांगू नकोस. मीही सांगितलेली नाही.

तुझा,
मामा