एरंडेल तेल आणि दगडाची भुकटी

एरंडेल म्हटले की आपल्यापैकी पुष्कळांस लहानपणी नाक दाबून घ्यावे लागलेले औषध आठवते. रसायनशास्त्रज्ञास मात्र या तेलात एक दुर्मिळ सोय दिसते. त्यातील मेदाम्लांपैकी सुमारे ८५ ते ९० टक्के भाग रिसिनोलिक आम्लाचा असतो. या आम्लाच्या १८ कार्बन-अणूंच्या साखळीत बाराव्या अणूवर एक हायड्रॉक्सिल गट, म्हणजे ऑक्सिजन व हायड्रोजन यांची जोडी, निसर्गानेच बसविलेली असते. जवसाच्या किंवा सोयाबीनच्या तेलात ती नसते. तेथे ती प्रयोगशाळेत मुद्दाम बसवावी लागते.

या जोडीचे महत्त्व असे. १९३७ साली जर्मनीत ऑटो बायर व त्यांचे सहकारी यांनी हायड्रॉक्सिल गट असलेल्या पदार्थांचा आयसोसायनेट नावाच्या संयुगांशी संयोग घडवून पॉलियुरेथेन हे बहुवारिक तयार केले. गाद्यांचा फेस, बुटांचे तळ, लाकडावरील चकचकीत लेप ही सारी त्याचीच रूपे होत. एरंडेलाच्या एका रेणूत असे गट सरासरी २.७ असतात, म्हणून त्यापासून नुसते लांब धागे न बनता चहूकडे गुंफलेले जाळे बनते. एरंडीच्या उत्पादनात भारत जगात अग्रेसर आहे, आणि त्यातही गुजरातचा वाटा सर्वांत मोठा. आयसोसायनेट मात्र अद्याप बहुतांशी खनिज तेलापासूनच येते, हेही सांगितले पाहिजे.

या जाळ्यात एक उणीव राहते. बाराव्या अणूपुढील सहा कार्बन-अणूंचे शेपूट कोठेही न बांधलेले, लोंबतेच राहते. अशा मोकळ्या शेपटांमुळे पदार्थ लवचिक होतो खरा, पण बहुधा मऊही राहतो. त्याला दृढता आणण्याचा एक मार्ग म्हणजे त्यात खनिजांची बारीक भुकटी मिसळणे. खडू, शंखजिरे, चिनी माती, अभ्रक, गारगोटीची पूड ही अशी भरणद्रव्ये होत. राजस्थानात शंखजिरे व वोलॅस्टोनाइट ही दोन्ही खनिजे सापडतात.

भरण म्हणजे भेसळ, असा समज सहज होतो. नुसते वजन वाढविण्यासाठी भुकटी घातली तर तो खराही ठरतो. परंतु कणाचा आकार कामास येतो. वोलॅस्टोनाइटचे कण सुईसारखे असल्यामुळे ताण स्वतःवर घेतात. शंखजिऱ्याचे व अभ्रकाचे पापुद्रे लेपात आडवे पसरले की पाण्याच्या रेणूंना वळसे घेत आत शिरावे लागते.

त्याहून महत्त्वाचा आहे कणाचा पृष्ठभाग. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर असतो. त्याच घनाचे एक मायक्रॉन बाजूचे तुकडे केले तर एकूण पृष्ठभाग ६ चौरस मीटर होतो, म्हणजे एका लहान खोलीच्या जमिनीएवढा! या विस्तीर्ण पृष्ठभागावर बहुवारिक चिकटले नाही, तर प्रत्येक कण म्हणजे पदार्थातील एक छिद्रच. ओढ बसताच तडा तेथूनच जातो. गारगोटीच्या कणांवर स्वतःचे हायड्रॉक्सिल गट असतात व ते आयसोसायनेटशी संयोग पावू शकतात. खडूच्या कणांस तसे करता येत नाही. त्यांवर बहुधा आधी मेदाम्लाचा पातळ थर द्यावा लागतो. त्याने ते तेलात नीट मिसळतात, पण रासायनिक बंध निर्माण होत नाही.

भुकटी किती घालावी यालाही मर्यादा आहे. द्रवात विरळ विखुरलेले गोल कण त्याची श्यानता, म्हणजे दाटपणा, किती वाढवितात याचे सूत्र आइन्स्टाइन यांनी १९०६ साली मांडले: घनफळाने १० टक्के कण घातले तर श्यानता सुमारे २५ टक्क्यांनी वाढते. प्रमाण वाढत गेले की ही वाढ त्याहून कितीतरी झपाट्याने होते व मिश्रण ओतणेच अशक्य होऊन बसते.

आता पाण्याविषयी. दिल्लीच्या श्रावणातील दमट हवेत उघडी ठेवलेली भुकटी ओलावा धरते, आणि आयसोसायनेट पाण्याशीही संयोग पावून कार्बन डायॉक्साइड वायू सोडते. हिशेब करून पाहावा. एक किलो भुकटीत १ टक्का ओल म्हणजे १० ग्रॅम पाणी. १८ ग्रॅम पाण्यापासून सामान्य तपमानास सुमारे साडेचोवीस लिटर वायू निघतो. म्हणून १० ग्रॅमपासून साडेतेरा लिटर! घट्ट व्हावयाचा पदार्थ अशा वेळी पावासारखा फुगतो. म्हणून भुकटी आधी भट्टीत तापवून सुकवितात. वाचकांनी हा प्रयोग घरी अगर शाळेत करू नये. आयसोसायनेटची वाफ श्वसनमार्गास अपायकारक असते.

दिल्लीतच ओखला भागातील जामिया मिल्लिया इस्लामिया विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात वनस्पतिज तेलांपासून संरक्षक लेप बनविण्याचे संशोधन दीर्घकाळ चालत आले आहे. सोयाबीन तेलाच्या पॉलियुरेथेनच्या जाळ्यात सिलिका गुंफलेल्या लेपांवरील तेथील संशोधन २०१५ साली प्रसिद्ध झाले. येथे सिलिका बाहेरून टाकलेली पाहुणी राहत नाही, ती जाळ्याचाच भाग बनते.

खाद्यपदार्थांच्या कारखान्यांतील जमिनींसाठी याच्या उलट युक्ती योजतात. एरंडेल, आयसोसायनेट, वाळू व सिमेंट यांच्या मिश्रणात पाणी मुद्दाम घालतात, आणि सोबत चुना. निघणारा वायू चुना शोषून घेतो व त्याचा कॅल्शियम कार्बोनेट बनतो. अशा रीतीने जमीन फुगत नाही, आणि तिच्यातील भरणद्रव्यात थोडी खडूचीच भर पडते.