रक्ताची वाट आणि सिकलसेलचे दुखणे



गेल्या पावसाळ्यात धडगाव तालुक्यातील एका पाड्यावर तपासणीला गेले होते. बारा वर्षांची एक मुलगी खाटेवर पाय पोटाशी घेऊन कण्हत होती. आई म्हणाली, "सिस्टर, सूज नाही, जखम नाही, पण पोरगी रात्रभर रडते. शाळेत म्हणतात, ढोंग करते."

मला मान खाली घालावी लागली. कामाला नवी असताना मीही अशाच एका मुलाला "थकला असशील, झोप काढ" एवढेच सांगून परतले होते. हे न दिसणारे दुखणे समजण्यासाठी आधी शरीरातील रक्ताची वाट समजून घ्यावी लागते. आजचा पाठ त्याचाच आहे.

१. हृदयाकडून निघणारे रक्त

हृदय आपल्या मुठीएवढे असते. त्याचे कप्पे चार: वर दोन अलिंद, खाली दोन निलय. डावा निलय आकुंचन पावला की रक्त महाधमनीत जाते. ही शरीरातील सर्वांत मोठी धमनी. ती आधी वर चढते, मग कमानीसारखी वळते. त्या कमानीतून डोक्याकडे आणि हातांकडे फाटे निघतात. पुढे ती कण्यालगत खाली उतरते, पोटातील अवयवांना रक्त देते आणि बेंबीच्या आसपास दुभंगून दोन्ही पायांकडे जाते.

रक्त दाबाने येते, म्हणून धमन्यांच्या भिंती जाड आणि लवचिक असतात. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटे ठेवा. लागतो तो ठोका याच दाबाचा.

२. सर्वांत बारीक वाहिन्या

शेतकऱ्याला हे चटकन कळते. कालव्यातून चारी, चारीतून पाट, पाटातून सरी; पिकाला पाणी मिळते ते सरीत. तसेच धमन्यांना फाटे फुटत फुटत शेवटी केसाहूनही बारीक केशवाहिन्या होतात. शरीराला ऑक्सिजन मिळतो तो येथेच. यांतील कित्येक वाहिन्या तांबड्या पेशीहूनही अरुंद असतात. पेशी मऊ असल्यामुळे वाकून, एकामागे एक पुढे सरकतात.

३. परतीची वाट

सातपुड्यातले ओढे गोमाईला मिळतात आणि गोमाई प्रकाशाजवळ तापीला मिळते. तशाच केशवाहिन्या मिळून लहान शिरा होतात, लहान शिरांच्या मोठ्या. शेवटी दोन महाशिरा उरतात. डोके व हातांकडचे रक्त ऊर्ध्व महाशिरेतून, पोट व पायांकडचे अधो महाशिरेतून उजव्या अलिंदात येते. शिरांत दाब कमी असतो. म्हणून पायांतील शिरांना झडपा असतात, म्हणजे वर चढलेले रक्त खाली येत नाही.

उजव्या निलयातून हे रक्त फुप्फुस धमनीने फुप्फुसांत जाते, ऑक्सिजन घेते आणि फुप्फुस शिरांतून डाव्या अलिंदात परत येते. एक खूण लक्षात ठेवा: हृदयापासून दूर नेते ती धमनी, हृदयाकडे आणते ती शिरा. मोठ्या माणसाचे सुमारे ५ लिटर रक्त विश्रांतीच्या वेळी साधारण एका मिनिटात ही फेरी पुरी करते.

४. सिकलसेलमध्ये कोठे अडते?

या आजारात ऑक्सिजन सोडल्यावर तांबड्या पेशी कडक होतात आणि विळ्यासारख्या वाकतात. काटकी कालव्यात पडली तर वाहून जाते. सरीत पडली तर आडवी बसते आणि मागचे पाणी तुंबते. विळ्यासारख्या पेशीही केशवाहिन्यांत अशाच अडकतात. मनगटाची नाडी चालू असते, पण पायाच्या हाडाला पुरेसे रक्त पोचत नाही. ती असह्य कळ खरी असते. शिवाय निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही मात्र १० ते २० दिवसच. त्यामुळे रक्त कमी होते, डोळे पिवळे दिसतात.

भारतात हा आजार १९५२ साली नीलगिरीतील आदिवासींमध्ये आढळला. आपल्या भिल्ल आणि पावरा बांधवांतही तो आहे. १ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने २०४७ पर्यंत त्याच्या निर्मूलनाचे उद्दिष्ट ठेवून राष्ट्रीय अभियान सुरू केले.

५. आपण काय करावे?

• भरपूर पाणी प्यावे. ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्यांनी हे विशेष पाळावे. थंडीत व पावसात अंग उबदार ठेवावे.
• डॉक्टरांनी हायड्रॉक्सियुरिया दिले असेल तर त्यांच्या सल्ल्याशिवाय बंद करू नये.
• ताप, छातीत दुखणे, धाप, पोट अचानक फुगणे किंवा एका बाजूचे हातपाय लुळे पडणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.
• लग्न ठरवण्याआधी दोघांची रक्ततपासणी करावी. वाहकाला सहसा त्रास नसतो. पण आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणी मूल आजारी असण्याची शक्यता २५ टक्के असते.

त्या मुलीची तपासणी झाली, सिकलसेलच निघाला. आता ती रोज गोळी घेते. दुखणे गेलेले नाही, कमी झाले आहे. शाळेत तिच्या बाकावर पाण्याची बाटली असते आणि ती रिकामी झाली की गुरुजी स्वतः आठवण करतात. तिला आता कोणी ढोंगी म्हणत नाही.

चर्चेसाठी प्रश्न

१. फुप्फुस धमनीतील रक्तात ऑक्सिजन कमी असूनही तिला धमनी का म्हणतात?
२. नाडी नीट लागत असूनही सिकलसेलच्या रुग्णाला कळा का येतात?
३. आपल्या ओळखीत असे न दिसणारे दुखणे कोण सोसत आहे? त्यांच्यासाठी आपण काय करू?